ओठ शिवला, पुढे काय?

जन्मतः ओठ किंवा टाळू दुभंगलेल्या मुलांच्या घरांतून आलेल्या पत्रांना या अंकात उत्तरं दिली आहेत. उत्तरं देणारे शल्यचिकित्सक, वाचा-उपचारतज्ज्ञ आणि दंतवैद्य अशा मुलांच्या उपचारात रोज एकत्र काम करतात. साधारण सातशे बाळंतपणांमागे एका बाळात हा दोष असतो, म्हणजे तो दुर्मीळ नाही. पत्रांत ऑपरेशनविषयी कमी विचारलं आहे. रात्रीची झोप, बुडालेली मजुरी, सासरचे टोमणे आणि शाळा यांविषयीच जास्त.

प्रश्न : माझं बाळ अठरा दिवसांचं आहे. ओठ चांगला आहे, पण तोंडातली टाळू मागून फाटलेली आहे. जन्माचं वजन २.७ किलो होतं, आता २.६५ भरलं. तास-तासभर छातीला असतो, मग झोपतो आणि अर्ध्या तासात रडत उठतो. सासूबाई म्हणतात, दूध पुरत नाही. नाकातूनही दूध येतं, त्याची फार भीती वाटते. — एक आई, परभणी

दूध तुम्हाला भरपूर असेल, अडचण ओढण्याची आहे. बाळ दूध ओढतं ते तोंडात पोकळी तयार करून. टाळू उघडी असली की ती पोकळी टिकत नाही, हवा नाकातून आत येते. बाळ तोंड हलवत राहतं, दमतं, झोपतं. पोटात फारसं काही गेलेलंच नसतं. नुसता ओठ दुभंगलेला असेल तर बरीच बाळं नीट पितात, कारण स्तनानेच ती फट बुजते. टाळूच्या बाबतीत ‘आज ना उद्या जमेल’ म्हणून वाट पाहू नका.

अठरा दिवसांत जन्माचं वजन परत आलेलं नाही, म्हणून याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा. घरी आजपासून असं करा. दूध हाताने किंवा पंपाने काढा, दिवस-रात्र मिळून आठ वेळा. रात्रीची एक खेप चुकवली तरी दूध कमी व्हायला लागतं. काढलेलं दूध झाकून बाहेर चार तास आणि फ्रीजमध्ये एक दिवस ठेवता येतं. कोमट करायचं तर गरम पाण्यात वाटी धरून करा, गॅसवर उकळू नका. किती पाजायचं? दर किलोमागे दिवसाला साधारण १५० मिली. म्हणजे तुमच्या बाळाला चारशे मिली, आठ वेळा पाजलंत तर एका वेळी पन्नास.

पाजायला आपलं जुनं बोंडलंच उत्तम. बाळाला मांडीवर जवळजवळ बसतं धरा, डोकं-मान हाताच्या आधारावर. बोंडल्याची चोच ओठाच्या कोपऱ्यातून गालाच्या बाजूला टेकवा, फटीवर रोखू नका. थोडं ओता, घोट गिळलेला दिसला की पुढचा. दर १५–२० मिलीनंतर ढेकर काढा, कारण ही बाळं दुधाबरोबर हवाही गिळतात. एक वेळचं पाजणं अर्ध्या तासात आटपा. त्याहून लांबलं तर बाळ जेवढं पितं तेवढं पिण्याच्या कष्टातच खर्च होतं. बाटलीच हवी असेल तर मऊ, दाबता येणारी घ्या आणि बाळाच्या गिळण्याच्या तालावर दाबा. साध्या बाटलीच्या बुचाला (निपलला) तापवलेल्या सुईने भोक मोठं करण्याचा उद्योग करू नका, दूध धो-धो येऊन ठसका लागतो. बोंडलं, वाटी रोज दहा मिनिटं उकळा. दुधात पाणी घालू नका, मध-गुटी चाटवू नका. वर्षाच्या आत मध नकोच.

नाकातून दूध येणं दिसायला वाईट, पण तोंड आणि नाक आतून जोडलेलंच असल्याने ते होणारच. थांबा, बाळाला उभं धरा, पुसा, पुन्हा सुरू करा. नाकात कापसाची वात घालू नका. प्रत्येक वेळी ठसका लागून ओठ निळे पडत असतील, श्वास घुरघुरत असेल किंवा बाळाची हनुवटी फारच लहान व मागे असेल, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पोट भरतंय की नाही हे रडण्यावरून ठरवू नका. दिवसाला सहा किंवा जास्त दुपटी ओली झाली पाहिजेत आणि वजन रोज २५–३० ग्रॅम, म्हणजे आठवड्याला पावणेदोनशे ते दोनशे ग्रॅम वाढलं पाहिजे. दर आठवड्याला त्याच काट्यावर, उघड्या अंगाने वजन करा. अंगणवाडीचा काटा चालतो. आणि एक फायदा घ्या : बोंडल्याने कुणीही पाजू शकतं. रात्रीची एक पाळी बाळाच्या वडिलांना द्या, सकाळची सासूबाईंना. अशा घरात सगळ्यात आधी मोडते ती आईची झोप, आणि झोप मोडली की दूधही आटतं. लाडासाठी बाळाला छातीला जरूर घ्या, पण आधी पोट भरून.

प्रश्न : पाचव्या महिन्यात ग्रहण होतं आणि मी विळीवर भाजी चिरली, म्हणून मुलीचा ओठ असा झाला असं घरातले सगळे म्हणतात. आता दुसऱ्या मुलाचा विचार करायलाही भीती वाटते. — वाचक, इस्लामपूर

गर्भ राहिल्यापासून सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत ओठाचे भाग जुळून येतात आणि बाराव्या आठवड्यापर्यंत टाळू. दुभंग राहायचा तो तेव्हाच राहतो. पुष्कळदा आईला दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं. पाचव्या महिन्यात विळी, सुरी, कात्री काहीही हातात घेतलं असतं तरी तयार झालेला ओठ फाटत नाही. हे घरच्यांना तुम्ही सांगू नका, ऐकलं जात नाही. पुढच्या तपासणीला सासूबाईंना सोबत न्या आणि डॉक्टरांना त्यांच्यासमोर विचारा. हाच उपाय सगळ्यात लवकर लागू पडतो.

खरी कारणं बहुधा अनेक असतात : काही आनुवंशिक, काही बाहेरची. फिटवरची काही औषधं (व्हॅल्प्रोएट, फेनिटॉइन, टोपिरामेट), गर्भारपणातलं धूम्रपान, आधीपासूनचा आणि ताब्यात नसलेला मधुमेह यांनी शक्यता वाढते. फिटचं औषध मनाने बंद करू नका. दिवस राहण्याआधीच न्यूरॉलॉजिस्टकडून बदलून घ्या.

आई-वडील दोघांनाही दोष नसताना एका मुलाला असेल, तर पुढच्या बाळाला तो होण्याची शक्यता शंभरात साधारण दोन ते पाच. म्हणजे पंचाण्णव किंवा जास्त बाळं या दोषाशिवायच जन्मतात. याला एक अपवाद आहे आणि तो आरशात दिसतो. तुमच्या, तुमच्या यजमानांच्या किंवा मुलीच्या खालच्या ओठावर मधोमधच्या दोन बाजूंना टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे असतील, तर ती एका विशिष्ट आनुवंशिक प्रकाराची खूण असू शकते आणि त्यात शक्यता निम्म्यापर्यंत जाते. मग जनुकतज्ज्ञांचा सल्ला आधी. फॉलिक ॲसिड दिवस राहण्याच्या किमान महिनाभर आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्या. तुम्हाला जास्त हवं का ते डॉक्टर ठरवतील. अठरा ते वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत ओठाचा दुभंग बहुधा दिसतो. नुसत्या टाळूचा मात्र सहसा निसटतो, त्यामुळे ‘सोनोग्राफी चांगली होती’ म्हणून कुणाला दोष देण्यात अर्थ नाही.

प्रश्न : आम्ही ऊसतोडीला जातो. बाळ जुलैत झालं, ओठ आणि टाळू दोन्ही फाटलेलं आहे. दवाखान्यात नाकाला आकार यावा म्हणून प्लेट बसवायला सांगतात आणि त्यासाठी दर आठवड्याला पुण्याला बोलावतात. एक खेप म्हणजे दोघांची दिवसाची मजुरी आणि भाडं. नाही केलं तर पोराचं वाटोळं होईल का? — जिल्हा बीड (पत्र पुतण्याने लिहून दिले)

नाही होणार. ही प्लेट हिरड्यांचे भाग जवळ आणते आणि चपटं नाक थोडं उचलते, त्यामुळे ओठाचं ऑपरेशन सोपं जातं. पण ती पहिल्या महिन्यात सुरू करावी लागते, दर आठवड्याला घासून-वाढवून घ्यावी लागते, गालाला चिकटपट्टीने पुरळ येतं, हिरडीला जखम झाली तर घरच्यांनाच ओळखावी लागते. जवळ राहणाऱ्या, सुट्टी मिळणाऱ्या घराला ती जरूर करावी. तुमच्या परिस्थितीत आमचं मत स्पष्ट आहे : सोडा. त्याऐवजी ओठावर ताणून लावायची चिकटपट्टी शिकून घ्या. ती घरी बदलता येते.

न चुकवण्यासारख्या गोष्टी दोन. ओठाचं ऑपरेशन साधारण तीन ते सहा महिन्यांत आणि टाळूचं नऊ ते अठरा महिन्यांच्या आत. टाळूचं ऑपरेशन लांबलं तर पोर बोलायला लागतं ते चुकीच्या सवयींसकट. तुमच्या हंगामाशी हे जुळतं. बाळ जुलैचं, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात, टोळी निघण्याआधी ओठ. टाळू पुढच्या वर्षी परतल्यावर, पावसाळ्यात. तेव्हा बाळ वर्षाचं-सव्वा वर्षाचं असेल. पहिल्याच भेटीत ‘ऑक्टोबर ते एप्रिल आम्ही गावात नसतो’ हे केसपेपरवर लिहून घ्या. मुकादमाकडून उचल घेताना ऑपरेशननंतरचे दहा दिवस धरूनच निघायची तारीख बोला.

ओठासाठी भूल द्यायला जुना हिशोब असा : दहा आठवडे वय, साडेचार किलो वजन, हिमोग्लोबिन दहा. वजन भरलं नाही की तारीख पुढे जाते आणि तुमचा हंगाम बुडतो, म्हणून परभणीच्या पत्राचं उत्तर तुम्हालाही लागू आहे. तारखेच्या दोन दिवस आधी सर्दी, ताप, खोकला असेल तर आधी फोन करा. सर्दीत भूल देत नाहीत आणि मोकळ्या हाताने परतावं लागतं. ऑपरेशनआधी आईचं दूध चार तास, वरचं दूध किंवा खाणं सहा तास बंद. ‘रडत होतं म्हणून दोन घोट पाजलं’ या एका कारणाने टेबलावरून परत गेलेली बाळं काही कमी नाहीत.

पैशाचं : राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, त्यात जन्म ते अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आहे आणि दुभंग ओठ-टाळू त्याच्या यादीत आहे. अंगणवाडीत येणाऱ्या पथकाला किंवा आशाताईंना सांगा, ते जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. स्माइल ट्रेन या संस्थेशी जोडलेल्या रुग्णालयांत ही ऑपरेशनं मोफत होतात. मोफत म्हणजे काय-काय ते आधीच विचारा : रक्ततपासणी, औषधं, सोबत्याचं जेवण, येण्या-जाण्याचं भाडं, आणि नंतरची वाचा-उपचारांची सत्रं. शेवटचं बहुतेक जण विचारायचं विसरतात.

प्रश्न : पुढच्या महिन्यात मुलीच्या टाळूचं ऑपरेशन आहे. घरी काय तयारी ठेवू? — रत्नागिरी

दोन-तीन आठवडे पुरेल असं पातळ-मऊ खाणं : गाळलेली तांदळाची किंवा नाचणीची पेज, वरणाचं पाणी, ताक, घोटलेला मऊ भात. पोळीचा तुकडा, बिस्किट, चिवडा, कुरमुरे घरातल्या इतर मुलांच्या हातातूनही दूर ठेवा, कारण भावंडं प्रेमाने भरवतात. प्रत्येक खाण्यानंतर दोन-तीन घोट पाणी, म्हणजे टाक्यांवर अन्न बसत नाही. चमचा वापरायचा की नाही ते तुमच्या सर्जनना विचारा, वापरलाच तर ओठाच्या आत घालू नका. हात तोंडात जाऊ नयेत म्हणून कोपराला पट्ट्या देतात. त्या दिवसातून काही वेळा, एका वेळी एकच, सोडून हात हलवू द्या.

पहिले एक-दोन दिवस लाळ गुलाबी येते, झोपेत घोरल्यासारखा आवाजही येतो. ताजं लाल रक्त, श्वास घेताना बरगड्यांमध्ये खड्डे, आठ तास लघवी नाही, किंवा १०१ च्या वर ताप, यांपैकी काहीही झालं तर थांबू नका. काही आठवड्यांनी पेज नाकातून येऊ लागली तर टाळूला लहान भोक राहिलं असण्याची शक्यता असते. ते लगेच शिवत नाहीत, पण नोंद व्हायला हवी.

प्रश्न : मुलगा साडेचार वर्षांचा. टाळूचं ऑपरेशन वर्षाचा असताना झालं. तरी गेंगाणं बोलतो. ‘पोपट’चं ‘मोमट’ होतं आणि ‘काका’ घशात अडकल्यासारखं येतं. ओळखीचे सांगतात, फुगे फुगव, शिट्टी वाजव, मेणबत्ती विझव. सहा महिने केलं, फरक नाही. — एक वडील, जळगाव

फुगे आणि शिट्ट्या वाढदिवसाला ठेवा. फुंकताना टाळूचे स्नायू एका पद्धतीने काम करतात, बोलताना निराळ्या; फुंकण्याने बोलणं सुधारत नाही. हा सल्ला अजून दवाखान्यांतूनही दिला जातो आणि त्यात मुलांची मोलाची वर्षं जातात.

तुमच्या पत्रात दोन वेगळे दोष आहेत. ‘प’चा ‘म’ होतो तेव्हा हवा नाकातून निसटते आहे : टाळू शिवली असली तरी ती तोकडी किंवा कमी हलणारी असेल आणि घशाच्या मागच्या भिंतीला टेकत नसेल. साधारण चारात एका मुलात असं राहतं, ऑपरेशन चांगलं झालं असलं तरीही. ‘काका’ घशात अडकतं ती शिकलेली सवय आहे. तोंडात दाब टिकत नाही म्हणून मूल खाली घशातच आवाज अडवायला शिकतं. पहिल्याला बहुधा पुन्हा ऑपरेशन लागतं, दुसऱ्याला शिकवणी. ऑपरेशनने सवय जात नाही आणि शिकवणीने फट बुजत नाही.

घरी एक चाचणी करा. पातळ छोटा आरसा फ्रीजमध्ये पाच मिनिटं ठेवा. मुलाला बोलायला सुरुवात करू द्या, मग आरसा नाकाखाली धरा. आधी धरलात तर साध्या श्वासानेच धुकं येईल. त्याला म्हणू द्या, ‘पापा पापा’, ‘टाटा टाटा’, ‘पोपट पेरू खातो’, ‘बाबा बाजारात गेले’. यांत नाकातला एकही आवाज नाही, आरसा स्वच्छ राहायला हवा. ‘मामा’, ‘नाना’ला मात्र धुकं येणारच, ते बरोबर आहे. मग नाक चिमटीत धरून ‘पापा’ म्हणायला लावा. नाक धरल्यावर ‘प’ खणखणीत येत असेल तर हवा निसटते आहे. हा निकाल घेऊन वाचा-उपचारतज्ज्ञांकडे जा. या वयात नाकातून बारीक दुर्बीण घालून बोलताना टाळू किती हलते ते बघता येतं, आणि ते बघितल्याशिवाय दुसऱ्या ऑपरेशनला होकार देऊ नका.

शिकवणी घरी दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं. एका वेळी एकच आवाज, आधी नुसता आवाज, मग ‘पा-पी-पू’, मग शब्द, मग वाक्य. एका पायरीवर दहापैकी आठ-नऊ वेळा बरोबर आला तरच पुढची. ओठांचे आवाज आधी घ्या, ते मुलाला आरशात दिसतात. या वीस मिनिटांबाहेर चुका काढू नका. जेवताना, पाहुण्यांसमोर तर नाहीच. सतत टोकलेलं मूल शुद्ध बोलत नाही, गप्प होतं.

आणि ऐकू येतं का ते तपासलं आहे का? टाळूचेच स्नायू कानाची आतली नळी उघडतात. ते नीट चालले नाहीत की पडद्यामागे चिकट पाणी साचतं. कान दुखत नाही, फुटत नाही, म्हणून कळत नाही. मूल फक्त पाठीमागून मारलेली हाक ऐकत नाही आणि टीव्ही मोठा लावतं. या मुलांचे कान पहिली काही वर्षं दर सहा महिन्यांनी तपासावेत. पाणी टिकून राहिलं आणि ऐकू कमी येत असेल तर पडद्यात बारीक नळी बसवतात.

प्रश्न : माझ्या दुसरीच्या वर्गात ओठाचं ऑपरेशन झालेला मुलगा आहे. मुलं चिडवतात, तो तोंडच उघडत नाही. मी त्याला मोठ्याने वाचायला सांगणं बंद केलं. बरोबर केलं का? — जि. प. शिक्षिका, तालुका पेठ

हेतू चांगला, पण वाचन बंद केल्याने वर्गाला कळलं की याला जमत नाही. आधी आपल्याला एकट्याला वाचून दाखवू दे, मग एका मित्रासोबत जोडीने, मग दोन ओळी वर्गात. पहिल्या किंवा दुसऱ्या बाकावर बसवा, आपला चेहरा त्याला दिसेल असं. नुसता ओठ-टाळूचा दुभंग असेल तर बुद्धी इतरांसारखीच असते. मागे पडतात ते ऐकू न आल्याने आणि ऑपरेशनच्या गैरहजेरीने.

‘बिचारा आहे, त्याला चिडवू नका’ असं वर्गात म्हणू नका. पालकांना विचारून, तो सोबत असताना, एवढंच सांगा : काही बाळांचा ओठ पोटात असताना जुळायचा राहतो, डॉक्टर तो शिवतात, हे दुसऱ्या कुणाला लागत नाही. त्याला स्वतःला एक वाक्य पाठ करवा : ‘जन्मापासून असा होता, आता शिवलाय. चल खेळायला.’ उत्तर तयार असलं की प्रश्नाची भीती जाते. हट्टाने त्रास देणाऱ्या दोघा-तिघांशी मात्र एकेकट्याने आणि कडक शब्दांत बोला.

त्याला नेमकं काय खुपतं हे त्यालाच विचारायला हवं. पालक बहुधा व्रणाबद्दल बोलतात, मुलाला दात किंवा आवाज खुपत असतो. क्लेफ्ट-क्यू नावाची प्रश्नावली आठ ते एकोणतीस वर्षांच्या रुग्णांनी स्वतः भरायची असते ती याचसाठी.

प्रश्न : धाकट्याच्या उपचारात सात वर्षांची मोठी मुलगी फार चिडचिडी झाली आहे. — ठाणे

तिला काम देऊ नका, वेळ द्या. रोज वीस मिनिटं, धाकट्याविना, आई किंवा वडिलांपैकी एकाने. दवाखान्याच्या दिवशी तिची सोय आदल्या दिवशीच सांगा, शाळेतून आणायला कोण येणार तेही. त्याला असं का झालं हे तिला साध्या शब्दांत एकदा सांगा. या वयाच्या मुलांना पुष्कळदा वाटतं की आपण भांडलो म्हणून झालं.

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा. आता कमरेचं हाड काढून हिरडीत भरायचं म्हणतात. खरंच लागतं का? मोठा झाल्यावर केलं तर? — वाचक, सोलापूर

हिरडीलाही दुभंग असेल तर लागतं, आणि हेच वय आहे. दुभंगाच्या कडेचा सुळा खाली यायच्या बेतात असतो, त्याला उतरायला हाड हवं. आधी भरलं तर सुळा त्या हाडातून येतो आणि ते टिकवतो. सुळा उघड्या फटीत उतरल्यावर केलं तर हाड विरघळण्याचं प्रमाण वाढतं.

आधी ऑर्थोडॉन्टिस्ट (दात-जबडा सरळ करणारे दंतवैद्य) वरचा जबडा रुंद करून घेतील, त्याला काही महिने जातात. म्हणून तारीख मे महिन्याची हवी असेल तर दिवाळीतच दाखवा. किडलेले दात ऑपरेशनआधी भरून किंवा काढून घ्या. तोंडात जंतू राहिले तर टाके उसवतात आणि भरलेलं हाड वाया जातं. दोन-तीन दिवस रुग्णालय. दुखतं ते तोंडापेक्षा कमरेला, आठवडाभर लंगडत चालेल. दोन आठवडे पातळ-मऊ खाणं, दीड महिना सायकल, कबड्डी, पकडापकडी बंद. शाळेकडून पी.टी.ची सूट लेखी घ्या. सहा महिन्यांनी एक्स-रे काढून हाड धरलंय का ते बघतात, आणि त्यानंतरच दातांच्या तारा पुढे सरकतात.